एका बारमध्ये एक घास, मग पुढचा बार: स्पेनमधले तापास, पिन्चो आणि मित्रमंडळ

चिंचपाणी

स्पेनला जाऊन आलेले ओळखीचे लोक "तापास (बारमध्ये पेयाबरोबर खायचे छोटे पदार्थ) खाल्ले, ठीक होते" एवढंच सांगतात तेव्हा फार वाईट वाटतं. खोदून विचारलं की कळतं, चौघांनी एक टेबल धरलं, मेन्यूकार्ड मागवलं, आठ बशा एकदम सांगितल्या, त्या येईपर्यंत भूक मेली आणि आल्या तेव्हा गप्पांत निम्म्या गार झाल्या. यात पदार्थांचा काही दोष नाही. हे खाणं उभ्या उभ्या आणि चालत चालत करायचं असतं. एका बारमध्ये एक पेय, एक घास, फार तर दोन, आणि पुढे. धागा काढायचं कारण एवढंच.

मी नोकरीनिमित्त दोनोस्तियात राहते. (नकाशावर सान सेबास्तियन, उत्तर स्पेनच्या बास्क भागात. दोन्ही नावं अधिकृत आहेत.) त्यामुळे मी लिहीन ते इथल्या पिन्चोंबद्दल, म्हणजे तापासच्या इथल्या भावंडांबद्दल. माद्रिद, सेविया, ग्रानादाकडच्या लोकांनी आपापल्या गावाची भर घालावी.

इथे मित्रांच्या टोळक्याला क्वाद्रिया म्हणतात. शाळेतल्या बाकापासूनची मैत्री, आणि साठी उलटली तरी त्याच माणसांबरोबर त्याच गल्ल्यांतून फेरी. ऑफिसातल्या मंडळींनी मला त्यांच्यात ओढलं तेव्हा सगळ्यात आधी शिकवली ती पैशांची पद्धत. निघतानाच प्रत्येकाने सारखी रक्कम काढायची, 20-20 युरो म्हणा, आणि ती एकाकडे द्यायची. याला बोते म्हणतात. आपल्या गणपतीच्या वर्गणीसारखंच, खजिनदार एकच. प्रत्येक बारमध्ये पैसे तोच देतो, संपले की सगळे पुन्हा सारखे टाकतात. कोणी दोन घास जास्त खाल्ले, कोणी वाइनऐवजी पाणी प्यायलं, कोणी विचारत नाही. दहा माणसं एका संध्याकाळी पाच बार फिरतात ती या सोयीवर. बिलाची वाटणी करत बसलं असतं तर दुसऱ्या बारलाच सगळे दमले असते.

जुना भाग उर्गुल टेकडीच्या पायथ्याशी आहे. बंदरापासून ब्रेचा बाजारापर्यंत चालायला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण बार इतके दाटीवाटीने की ती दहा मिनिटं तीन तासांची होतात. त्यातल्या एका रस्त्याचं नावच 31 ऑगस्ट. 1813 साली त्या दिवशी इंग्रज-पोर्तुगीज फौजांनी फ्रेंचांकडून गाव घेतलं, लुटलं आणि जाळलं. जवळपास एवढी एक गल्ली आणि दोन चर्च वाचली. आज त्याच गल्लीत ला विन्या आहे, जिथला वरून करपवलेला, खाली बिस्किटाचा थर नसलेला चीजकेक जगभर पोचला. पुण्या-मुंबईच्या बेकऱ्यांत "बास्क चीजकेक" मिळतो तो मूळचा इथला. तिथे तो फेरीच्या शेवटी खायचा, एक बशी दोघांत.

फेरीची सुरुवात मात्र खिल्दाने. एका काडीला हिरवं ऑलिव्ह, इबार्रा गावच्या लांबट हिरव्या मिरच्यांचं व्हिनेगरमधलं लोणचं आणि घडी घातलेला खारवलेला अँचोवी मासा, बस. मिरच्या दुमडून टोचलेल्या असतात, वरून ऑलिव्हचं तेल. कुरतडत खायचं नाही. काडी आडवी धरून सगळं एकदम तोंडात घ्यायचं, खाली तळहात धरायचा कारण तेल ठिबकतं. आधी मीठ लागतं, मग आंबट, आणि गिळताना मिरचीचा हलका चटका. आपल्या जिभेला ही मिरची अगदीच सौम्य, पण तोंडाला जे पाणी सुटतं ते पुढच्या सगळ्या बारांना पुरतं. 1940च्या दशकात कासा वाय्येस नावाच्या बारमध्ये गिऱ्हाइकांनीच ही जोडी जमवली आणि 1946च्या 'गिल्डा' सिनेमातल्या रीटा हेवर्थवरून नाव दिलं: हिरवी, खारट आणि जराशी तिखट. तो बार अजून चालू आहे. जुन्या भागात नाही, कॅथीड्रलच्या बाजूला.

आणखी एक महत्त्वाचं. काउंटरवर ब्रेडच्या चकत्यांवर रचलेले पिन्चो बघून नवा माणूस तिथेच पोट भरतो. गरम पदार्थ काउंटरवर नसतात, ते भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेले असतात आणि सांगितल्यावर आतून ताजे येतात. गानबारा नावाच्या बारमध्ये भाजलेल्या रानमश्रूमवर अंड्याचं कच्चं पिवळं बलक येतं, ते फोडून मश्रूमला माखायचं. सान तेल्मो संग्रहालयामागच्या ला कुचारामध्ये वासराचा गाल वाइनमध्ये इतका शिजवतात की सुरी लागत नाही. फळा वाचायला भाषा येत नसेल तर शेजारच्याच्या बशीकडे बोट दाखवा. इथे कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट आनंदाने सांगतात काय आहे ते.

बरोबर चाकोली घ्यावी. किनाऱ्यावरच्या गेतारियाच्या टेकड्यांवरची, हलकी, आंबटसर, किंचित फसफसणारी पांढरी वाइन. बाटली उंच धरून रुंद पेल्यात धार सोडतात. बिअर हवी असेल तर सुरितो मागा, म्हणजे छोटा पेला मिळतो. मोठा ग्लास घेतला की पाय तिथेच अडकतात.

तुळशीवृंदावन

ताई, फार सुंदर लिहिलंय. आम्ही पाच मैत्रिणी मे महिन्यात जाणार आहोत. त्यातल्या दोघी शाकाहारी (एक अंडंही खात नाही) आणि मी दारू घेत नाही. आमच्यासारख्यांनी या फेरीत काय करायचं? नुसतं बघत उभं राहायचं नाहीये.

चिंचपाणी

तुळशीवृंदावन, अजिबात बघत उभं राहू नका.

आधी पेयाचं. इथल्या प्रत्येक बारमध्ये मोस्तो मिळतो. न आंबवलेला द्राक्षरस, लाल किंवा पांढरा, बर्फ घालून, बऱ्याचदा संत्र्याची फोड आणि ऑलिव्ह टाकून. वाइनसारखाच रुबाबात देतात, आणि आमच्या टोळक्यात गाडी चालवणारे तोच घेतात. बिनअल्कोहोल बिअरही सगळीकडे असते, नुसतं "सिन" (म्हणजे "शिवाय") म्हटलं तरी कळतं.

खाण्याचं जरा सांभाळून. इथे "मांस नको" म्हटलं तर डुकराचं खामोन आणि ट्यूना मासा दोन्ही त्यात धरत नाहीत. "वेहेताल" नावाच्या सँडविचमध्येसुद्धा बहुतेक वेळा ट्यूना निघतो. म्हणून प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन सांगायचं: सिन कार्ने (मांस), सिन खामोन, सिन पेस्कादो (मासे), सिन अतून (ट्यूना). अंडं न खाणाऱ्या मैत्रिणीसाठी सिन उएवो.

तेलात परतलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, वर जाडं मीठ, या दोघींना चालतील. गॅलिसियाच्या पाद्रोनच्या मिरच्यांत एखादीच तिखट निघते, आणि ती कुणाच्या वाट्याला येते यावर टेबलावर आरडाओरडा होतो. आमच्या बास्क भागात गेर्निकाच्या मिळतात, त्या तिखट नसतात. भाजलेले मश्रूम बलक नको सांगून मागता येतात. टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या वांग्या-मिरचीची एस्कालिवादा, मोसमात साधे टोमॅटो, नुसतं तेल आणि मीठ लावून. हे टोमॅटो चुकवू नका, विशेषतः जुन्या भागातल्या नेस्तोर बारमधले. क्रोकेता (दाट पांढऱ्या सॉसचे तळलेले रोल) मश्रूमच्या किंवा चीजच्या आहेत का ते आवर्जून विचारा, एरवी त्यात खामोन असतंच, आणि अंडं तर असतंच. इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचं चीज उत्तम, पण ते कोकराच्या रेनेटने (पोटातून काढलेल्या विरजणाने) विरजतात. कडक शाकाहारी असाल तर आधी माहीत असावं म्हणून लिहिलं.

रानजाई

मी ग्रानादात शिकायला होते. तिथली तऱ्हा वेगळी आणि विद्यार्थ्यांच्या खिशाला तर देवासारखी धावणारी. ड्रिंक मागवलं की तापा फुकट येतो. आपण निवडायचं नाही, येईल ते खायचं. दुसरं ड्रिंक मागवलं की दुसरा पदार्थ, तिसऱ्याला तिसरा, आणि बऱ्याच बारमध्ये क्रमाने चढत जातात: आधी ऑलिव्ह किंवा बटाट्याची कोशिंबीर, मग भजीसारखे तळलेले मासे, मग मांसाचा रस्सा नाहीतर छोटासा बर्गर. तीन छोट्या बिअरांत रात्रीचं जेवण उरकतं. अल्मेरिया, खाएन आणि वर लेओनमध्येही ही पद्धत आहे.

शाकाहारी मैत्रिणींनी पहिल्या ड्रिंकबरोबरच सांगून ठेवायचं, ते दुसरं काही आणून देतात. आणि वांग्याच्या काचऱ्या तळून वर उसाची काकवी घातलेली मिळते, ती विकत घ्या. बेरेन्खेनास कॉन मिएल. पीठ अगदी पातळ लावलेलं असतं, वांगं आत लोण्यासारखं आणि काकवी बाहेर कडसर-गोड. ही काकवी मूळची खाली मोत्रिलच्या किनाऱ्याकडची, तिथे ऊस होत असे. मी आता कोल्हापुरात घरी करते, काकवी घरचीच.

पायवाट

सगळं पटलं तरी एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. "बसून खाल्लं म्हणजे चुकलं" असं म्हणू नये. दोनोस्तियाची रीत म्हणजे अख्खा स्पेन नव्हे. मी माद्रिदमध्ये बरीच वर्षं आहे. इथे रविवारी सकाळी रास्त्रोचा जुना बाजार फिरायचा, आणि दुपारी एकच्या सुमारास ला लातीना भागात वर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन). नळाची वर्मूथ, बर्फ, ऑलिव्ह. कावा बाखा रस्त्यावर उभ्याने दोन-तीन ठिकाणं होतात, पण मग एका ठिकाणी बसतात आणि रासियोनेस मागवतात. रासियोन म्हणजे सगळ्यांना पुरेल अशी मोठी बशी, मेदिया म्हणजे अर्धी. लसणाच्या तेलात चुरचुरणारी कोळंबी मातीच्या भांड्यात येते आणि पाच जणांचे पाव एकाच भांड्यात बुडतात. तेही मैत्रीचंच खाणं आहे.

उभ्याने खायची जागा सांगायची तर पुएर्ता देल सोलजवळचं कासा लाब्रा. 1860 सालचं. स्पेनच्या समाजवादी पक्षाची स्थापना 2 मे 1879 रोजी इथे गुपचूप झाली. पण रांग लागते ती कॉड माशाच्या तळलेल्या तुकड्यांसाठी. बाहेर रस्त्यावर उभं राहून, बोटं भाजत खायचे.

चिंचपाणी

पायवाट, मान्य. माझा राग बसण्यावर नाही, सगळं एकदम मागवण्यावर आहे. माद्रिदमध्येसुद्धा तुम्ही बसलात की एक रासियोन संपल्यावर दुसरी सांगता ना? तेच. पुढे काय खायचं हे आधीच्या घासावर ठरलं पाहिजे, आणि बरोबरच्या माणसांवर.

खाडीपलीकडे

मडगावहून. आमच्या चोरीसाबद्दल (डुकराच्या मांसाचं सॉसेज) कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पोर्तुगीजांमुळे तो गोव्यात आला आणि इथला झाला. डुकराचं मांस, लाल मिरची, आलं-लसूण, गरम मसाला आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर. स्पेनच्या चोरिसोत व्हिनेगर नसतं, लसूण आणि पिमेंतोन (लाल मिरचीची पूड) असतं. ला वेरा भागात मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर सुकवून मग दळतात, तो धूर प्रत्येक चकतीत लागतो. आमचा आंबट-तिखट, त्यांचा धुरकट.

मी जहाजावर नोकरीला होतो तेव्हा अस्तुरिया भागातल्या खिखोन बंदराला उतरलो होतो. तिथे चोरिसो सफरचंदाच्या सिद्रात (आंबवलेल्या रसात) शिजवून देतात. बरोबर सिद्राच. वाढणारा बाटली डोक्याच्या वर धरतो आणि पेला कमरेखाली. तळाशी दोन-चार घोट येतील इतकीच ओततो. फेस जायच्या आत एका दमात प्यायचं, शेवटचा थेंबभर सोडायचा आणि तोच पेल्याच्या काठावरून जमिनीवर ओतायचा, म्हणजे काठ धुतला जातो. कारण पेला एकच, सगळ्यांत फिरतो! आता कमी झालंय म्हणतात, पण आम्ही सहा जण एकाच पेल्यातून प्यायलो. अस्तुरियाच्या या सिद्रा संस्कृतीला 2024 साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं, वाचून फार बरं वाटलं.

भरदुपारी

आपल्याकडच्या मोठ्या शहरांत "तापास बार" निघालेत त्यांचं काय मत आहे? मी एकात गेलो होतो. काळ्या पाटीवर चार क्रोकेता, भाव हजाराच्या घरात, आणि वेटर मागे उभा. मित्र हळूहळू फोनमध्ये शिरले.

चिंचपाणी

भरदुपारी, स्वयंपाक चांगला असू शकतो, काही ठिकाणी असतोही. पण शेजारी दुसरा बार नसेल आणि घासाची किंमत घासाएवढी नसेल तर ही रीत उभीच राहत नाही. इथे पिन्चो साधारण 3 ते 5 युरोंना पडतो. इथल्या पगारात विद्यार्थी, नळदुरुस्ती करणारा, बँकेचा मॅनेजर एकाच काउंटरला खांदा लावून उभे राहू शकतात. ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. काउंटरवर पातळ कागदी रुमालांचा डबा असतो, त्यावर "भेटीबद्दल आभार" छापलेलं. ते रुमाल काही पुसत नाहीत, तेल फक्त बोटांवर पसरवतात. पण तोच रुमाल सगळ्यांना.

सोनटक्का

लोग्रोन्योचं कोणी लिहिलं नाही अजून? रिओखा वाइनचं गाव. लाउरेल नावाची एक छोटी गल्ली, आणि तिथे बहुतेक प्रत्येक बारची आपली एकच खासियत. सोरियानोमध्ये फक्त मश्रूम: तीन मश्रूम एकावर एक, वर छोटी कोळंबी, खाली पावाची चकती, मध्ये काडी. तव्यावर लसणाच्या रसात न्हालेले असतात. मश्रूमच्या वाटीत साठलेला तो रस पावात उतरतो, म्हणून पाव शेवटी खायचा. बाकी काही मागायचंच नाही, कारण नाहीच. चिंचपाणी म्हणते ती "एक घास आणि पुढे" रीत सगळ्यात शुद्ध स्वरूपात बघायची तर इथे. आमच्यात वाद होतो तो फक्त कुठल्या बारला आधी जायचं यावर.

तुळशीवृंदावन

बापरे, आता पाच दिवस कमी वाटायला लागले. एक शंका: काउंटरवरचं आपण आपल्या हाताने घ्यायचं की मागायचं? आणि हिशोब कोण ठेवतं?

चिंचपाणी

पूर्वी बशी घेऊन आपणच उचलायचे, शेवटी किती खाल्ले ते सांगायचं आणि बारवाला मान्य करायचा. काही बारमध्ये अजून तसं आहे. पण आता बऱ्याच ठिकाणी काच आली आहे, मागितलं की ते काढून देतात. आत शिरताच बारवाल्याच्या नजरेला नजर द्या, "कायशो" (नमस्कार) म्हणा, पेय सांगा आणि मग विचारा. पैसे निघताना. बास्क भाषेतले "कायशो" आणि "एस्केरिक आस्को" (खूप आभार) हे दोन शब्द आले तरी चेहरा खुलतो त्यांचा. सेवियाला गेलात तर एल रिन्कोन्सियोत हिशोब खडूने थेट लाकडी काउंटरवर लिहितात, पैसे दिले की पुसतात. ते दुकान 1670 सालचं. तिथली पालक-हरभरे भाजी जिऱ्याची असते, तुमच्या शाकाहारी मैत्रिणींना घरी आल्यासारखं वाटेल. वर तळलेला पाव असतो.

पायवाट

आणि तोर्तियाचं काय? बटाटा-अंड्याची जाड तोर्तिया. कांदा घालायचा की नाही यावर अख्खा देश भांडतो. मी कांदावाला.

रानजाई

कांदा हवाच. आणि आतून ओलसर.

चिंचपाणी

कांदा, ओलसर. नेस्तोरमध्ये एक दुपारी आणि एक रात्री अशा मोजक्याच तोर्तिया होतात, तुकडा हवा तर तासभर आधी जाऊन नाव नोंदवावं लागतं. नाव नोंदवा आणि मधल्या वेळात दोन बार करून या.

ओलावा

सगळं वाचलं, आवडलं. एक गोष्ट मात्र खुपते. मी गेल्या उन्हाळ्यात जुन्या भागात गेले होते, पाय ठेवायला जागा नव्हती. मार्गदर्शकाच्या झेंड्यामागे तीस-तीस लोकांचे गट. तिथे राहणाऱ्यांचं काय होत असेल? आपणही त्या गर्दीत भरच घालतो ना?

चिंचपाणी

ओलावा, हा प्रश्न खरा आहे आणि आमच्या क्वाद्रियात दर वेळी निघतो. दोघांची घरं जुन्या भागात होती, घरभाडी वाढली आणि ते बाहेर गेले. जुलै-ऑगस्टमध्ये आम्हीच तिकडे फिरकत नाही. म्हणून माझं सांगणं: जुन्या भागात एक दुपार घालवा, तीही बाराच्या सुमारास किंवा संध्याकाळी सातच्या आधी. दहाच्या मोठ्या गटाने जाऊ नका, चार-पाच ठीक. बाकीच्या संध्याकाळी नदीपलीकडे ग्रोसला या. गुरुवारी तिथे पिन्चो-पोते असतं, पेय आणि पिन्चो मिळून ठरलेल्या स्वस्त दरात, आणि सगळं गाव रस्त्यावर उतरलेलं असतं. बाबागाड्या, आजोबा, कुत्री, सर्फिंगहून ओल्या केसांनी आलेली पोरं. ज्या बारमध्ये पुन्हा पुन्हा जाल तिथला माणूस दुसऱ्या खेपेला तुम्हाला ओळखतो.

तुळशीवृंदावन, तुमचे पाच दिवस कुठल्या वारांना येतात ते सांगा. रविवारी रात्री आणि सोमवारी बरेच चांगले बार बंद असतात. त्यामुळे मंगळवार ते शनिवार मिळाले तर उत्तम, आणि गुरुवार मधे येत असेल तर त्या दिवशी सात वाजता ग्रोसला भेटू. बोते मी धरते.

तुळशीवृंदावन

बुधवार ते रविवार! गुरुवार आहे. अंडं न खाणारी मैत्रीण विचारतेय, वर्गणीत तिचाही वाटा सारखाच ना? तिला कमी द्यायचे नाहीयेत.

चिंचपाणी

सारखाच. सगळ्यांचा.